चंद्रताल: ज्येष्ठांना घेऊन जाताना काझामार्गे जावे

सप्टेंबरमध्ये आठ दिवसांची रजा काढून पुण्याहून मनाली गाठायची आणि दुसऱ्याच दिवशी आई-वडिलांसह हिमाचल प्रदेशातील चंद्रताल या उंचावरील तलावापाशी मुक्काम करायचा, हे जमेल का, असे आपण विचारले आहे. वडिलांना रक्तदाब आहे, पण ते दर रविवारी सिंहगड चढतात, असेही आपण लिहिले आहे. माझे स्पष्ट मत असे की, चंद्रताल त्यांना जरूर दाखवावा. मात्र सिमला, किन्नौर आणि स्पिती खोऱ्यातील काझा असा वळसा घेऊन तो प्रवासाच्या शेवटी ठेवावा.

प्रश्न उंचीचा आहे. मनाली सुमारे २,०५० मीटरवर आणि तलाव सुमारे ४,२५० मीटरवर आहे, म्हणजे एका दिवसात झोपण्याची जागा दोन हजार मीटरहून अधिक वर जाते. ३,००० मीटरच्या पुढे मुक्कामाची उंची रोज साधारण ५०० मीटरहून जास्त वाढवू नये, असा गिर्यारोहणातील वैद्यकीय संकेत आहे. तलावापाशी हवेचा दाब समुद्रसपाटीच्या जेमतेम साठ टक्के असतो. पुण्याहून नेलेले चिवड्याचे पाकीट तिथे फुग्यासारखे टम्म फुगते. सिंहगडामुळे वडिलांचे पाय आणि दमसास चांगले राहिले असतील, परंतु विरळ हवेची सवय त्याने होत नाही, आणि धडधाकट तरुणालाही तिथे त्रास होऊ शकतो.

काझामार्गे गेल्यास कल्पा, ताबो असे मुक्काम करत शरीर हळूहळू रुळते. काझाला किमान दोन रात्री काढाव्यात आणि मग ४,५०० मीटरहून उंच असलेला कुंझुम घाट ओलांडून तलावाकडे उतरावे. या क्रमाचा मला सर्वांत मोलाचा वाटणारा फायदा परतीचा आहे. तलावावरून मनालीकडे बातल, ग्रांफू असा रस्ता एकूण खालीच जातो आणि पुढे अटल बोगद्यामुळे रोहतांग घाट चढावा लागत नाही. म्हणून रात्री कोणाला बरे वाटेनासे झाले, तरी घाट न चढता खाली उतरता येते. फक्त या रस्त्यावरील नाले दुपारी बर्फ वितळल्यावर फुगतात, त्यामुळे एरवी पहाटेच निघावे.

तलावाच्या काठावर तंबू ठोकण्यास मनाई आहे. ही रामसर, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या, यादीतील जागा असल्याने ते योग्यच आहे. तंबू काही किलोमीटर अलीकडे असतात, आणि गाडी थांबते तिथून शेवटचा साधारण एक किलोमीटर पायी जावे लागते. तो अगदी सावकाश चालावा. सकाळी वारा पडलेला असताना पाण्यात समोरच्या डोंगराचा प्रत्येक पट्टा दिसतो, आणि ऊन चढू लागले की त्याच पाण्याचा निळा रंग काठाकडे हिरवट होत जातो. पाण्यात उतरू नये, पण काठाने प्रदक्षिणा अवश्य करावी. शेजारून वाहणारी चंद्रा नदी पुढे तांदीला भागेला मिळून चंद्रभागा होते, हे पंढरीची ओढ असलेल्या आपल्या आई-वडिलांना ऐकायला आवडेल.

निघण्यापूर्वी वडिलांना डॉक्टरांकडे न्यावे आणि उंचीसाठीची गोळी घ्यायची की नाही, हे रक्तदाबाच्या औषधांसह त्यांनाच ठरवू द्यावे. डोकेदुखीसोबत उलट्या होऊ लागल्या, तोल जाऊ लागला किंवा बसल्या जागी धाप लागली, तर उजाडण्याची वाट न पाहता खाली उतरावे. तिथे मोबाइलवर विसंबता येत नाही, म्हणून गाडी आणि चालक रात्रभर जवळच राहतील, हे आधीच पक्के करून घ्यावे.

या वाटेला येऊन-जाऊन दहा-बारा दिवस हवेत. रजा वाढत नसेल, तर या वेळी अटल बोगद्यापलीकडची सिस्सू आणि केलांग ही गावे पाहून परतावे.