अमेरिकेतल्या छोट्या कॉलेजांच्या फुटबॉलचा आठवड्याचा आढावा कसा वाचायचा?

प्रश्न: माझा भाचा मिनेसोटातल्या नॉर्थफील्ड गावी सेंट ओलाफ कॉलेजात शिकतो. दर रविवारी तो मला त्यांच्या फुटबॉलचा आढावा पाठवतो: या शनिवारी काय झालं, पुढच्या शनिवारी काय होईल. कॉन्फरन्स, प्लेऑफ, पोल, काहीच कळत नाही. हे वाचायचं कसं? आणि एवढ्याशा कॉलेजांच्या मॅचमध्ये लोकांचा एवढा जीव का अडकतो?

उत्तर:

शेवटून वाचायला लागा. असल्या लेखात सर्वात वर निकाल असतात, मग कुणी किती यार्ड धावलं त्याची कौतुकं, आणि तळाशी गुणतक्ता नि पुढच्या शनिवारच्या जोड्या. नवा माणूस वरून सुरुवात करतो आणि तिसऱ्या ओळीत गळतो. मी इथे मिनेसोटातच राहतो, हे आढावे बरीच वर्षं वाचतो, आणि अजूनही पहिली नजर तळाशीच टाकतो. कोण जिंकलं यापेक्षा कुणाला कुणाशी खेळायचं उरलंय, यात आठवड्याची खरी बातमी असते.

त्यासाठी रचना थोडी माहीत हवी. हे फुटबॉल म्हणजे चेंडू हातात घेऊन धावायचं अमेरिकन फुटबॉल. टीव्हीवर लाखभर प्रेक्षकांसमोर चालतं ते कॉलेज फुटबॉल वेगळं. तुमच्या भाच्याचं कॉलेज तिसऱ्या डिव्हिजनमध्ये येतं. इथे खेळासाठी शिष्यवृत्ती देता येत नाही. खेळाडू इतरांसारखीच फी भरतो, सकाळी रसायनशास्त्राची प्रयोगशाळा आणि संध्याकाळी सराव. देशभरात असे साधारण २४० फुटबॉल संघ आहेत आणि एकेका संघात शंभरच्या वर मुलं सहज असतात. दोन-तीन हजार विद्यार्थ्यांच्या कॉलेजला त्या शंभर मुलांची फीसुद्धा महत्त्वाची असते, ही गोष्ट आढाव्यात कुणी लिहीत नाही, पण संघ टिकून राहण्यामागे तीही आहे.

हे संघ प्रदेशानुसार कॉन्फरन्समध्ये वाटलेले असतात. सेंट ओलाफची कॉन्फरन्स म्हणजे एमआयएसी (मिनेसोटा इंटरकॉलेजिएट ॲथलेटिक कॉन्फरन्स), लोक बोलताना 'मायॅक' म्हणतात. १९२० साली सुरू झालेली. सेंट जॉन्स, बेथेल, गस्टेव्हस अडॉल्फस, कॉन्कॉर्डिया, ऑग्सबर्ग, हॅमलिन, मॅकॅलेस्टर, कार्लटन, सेंट ओलाफ, आणि २०२१ पासून डुलुथचं सेंट स्कोलॅस्टिका. (कॉन्कॉर्डियाच्या संघाचं चिन्ह मक्याचं कणीस आहे. हेल्मेट घातलेल्या पोरांच्या शेजारी कणसासारखं दिसणारं पात्र मैदानाकडेने उड्या मारताना बघणं हा स्वतंत्र आनंद आहे.)

नेहमीच्या हंगामात एका संघाच्या मॅच फक्त दहा. क्रिकेटच्या लीगसारखं 'सुरुवात खराब झाली, पण पुढे सावरलो' इथे फारसं चालत नाही. कॉन्फरन्स जिंकणाऱ्याला राष्ट्रीय प्लेऑफमध्ये, म्हणजे हंगामानंतरच्या बाद फेऱ्यांमध्ये, थेट जागा मिळते. बाकीच्यांना उरलेल्या थोड्या जागांसाठी वाट बघावी लागते. २०२४ पासून प्लेऑफमध्ये ३२ ऐवजी ४० संघ घेतात आणि त्या उरलेल्या जागा एका गणिती निर्देशांकावर ठरतात. तुम्ही किती जिंकलात आणि कुणाविरुद्ध जिंकलात हे त्यात मोजलं जातं, पण किती फरकाने जिंकलात हे नाही. भाच्याने पाठवलेल्या लेखात '५२-३ असा दणदणीत विजय' दिसला तर पानाची शोभा म्हणून बघा. प्लेऑफच्या हिशोबात तो २१-२० इतकाच.

म्हणून आढाव्यात 'कॉन्फरन्स मॅच' आणि 'बाहेरची मॅच' असा भेद करतात. सप्टेंबरच्या सुरुवातीला विस्कॉन्सिनच्या एखाद्या सरकारी विद्यापीठाकडून मार खाल्ला तरी मायॅकचं जेतेपद शाबूत राहतं, आणि तिथले संघ देशात सर्वात कणखर समजले जातात, त्यामुळे त्या पराभवाची लाजही वाटायला नको. उलट ऑक्टोबरमध्ये कॉन्फरन्समधल्या मधल्या फळीच्या संघाकडून हरलात की सगळं विस्कटतं.

स्कोअर वाचायची एक छोटी युक्ती. टचडाऊनचे, म्हणजे चेंडू समोरच्यांच्या टोकाच्या पट्ट्यात नेला की, ६; त्यानंतरच्या किकचा १, म्हणजे सहसा ७. फील्ड गोलचे, म्हणजे चेंडू लाथेने खांबांमधून मारला की, ३. म्हणजे ३१ म्हणजे बहुधा चार टचडाऊन आणि एक फील्ड गोल. टचडाऊननंतर किकऐवजी पुन्हा घुसून २ गुण घेता येतात, म्हणून एका फटक्यात जास्तीत जास्त ८ भरून निघतात. फरक ८ किंवा कमी असेल तर ती मॅच शेवटच्या मिनिटापर्यंत जिवंत होती असं समजा. ९ झाला की दोन फटके लागतात, १७ झाला की तीन. ८ आणि ९ मधलं हे अंतर कळलं की निम्मा आढावा कळतो. प्रशिक्षक चौथ्या, म्हणजे शेवटच्या, क्वार्टरमध्ये विचित्र वाटणारे निर्णय का घेतात त्याचं उत्तरही सहसा इथेच असतं.

आता मोठ्या फरकाची गोष्ट निघालीच आहे, तर तुमच्या भाच्याच्या कॉलेजला टाळता न येणारी एक गोष्ट सांगतो. २०१७ च्या ऑक्टोबरमध्ये सेंट थॉमसने सेंट ओलाफला ९७-० असं हरवलं. ९७. एकाच कॉन्फरन्समधले दोन संघ. सेंट थॉमस राजधानी सेंट पॉलमधलं, पदवीचे विद्यार्थी सुमारे सहा हजार. कॉन्फरन्समधल्या बाकीच्यांकडे दोन-तीन हजार. ती एकच मॅच कारण झाली असं कुणी अधिकृतपणे म्हटलं नाही, पण २०१९ च्या मे महिन्यात कॉन्फरन्सने सेंट थॉमसला बाहेर काढलं. कारण दिलं 'स्पर्धेतला समतोल'. म्हणजे फार जिंकतात म्हणून घराबाहेर! त्यावर इथे भांडणं झाली, अजूनही होतात. सेंट थॉमसने मग मधली डिव्हिजन न चढता थेट पहिल्या डिव्हिजनमध्ये उडी घेतली, जी आधुनिक नियमांत तोवर कुणी घेतली नव्हती. माझं मत विचाराल तर काढणाऱ्यांचं फार चुकलं नाही. दहा मॅचच्या हंगामात तीन-चार निकाल आधीच ठरलेले असतील तर आठवड्याचा अंदाज लिहिणाऱ्याने लिहायचं काय?

पण त्या निर्णयाने गेलं तेही मोठं होतं. सेंट थॉमस आणि सेंट जॉन्स यांची मॅच म्हणजे 'टॉमी-जॉनी'. २०१७ साली ती मिनियापोलिसच्या बेसबॉल स्टेडियममध्ये, टार्गेट फील्डवर झाली आणि ३७,३५५ माणसं आली. तिसऱ्या डिव्हिजनच्या मॅचला तोवर कधीच एवढी गर्दी झाली नव्हती. त्या दिवशी सेंट थॉमस २०-१७ असं जिंकलं. २०१९ ची शेवटची नेहमीची लढत सेंट पॉलच्या सॉकर स्टेडियमवर झाली, ती सेंट जॉन्सने घेतली.

सेंट जॉन्स हे नाव तुम्हाला प्रत्येक आढाव्यात वरच्या बाजूला दिसेल, तर त्यांच्याविषयी. कॉलेजव्हिल नावाच्या ठिकाणी बेनेडिक्टाइन मठाच्या आवारात हे मुलांचं कॉलेज आहे. तिथे १९५३ ते २०१२ अशी साठ वर्षं जॉन गलार्डी हे एकच प्रशिक्षक होते. कारकिर्दीत ४८९ विजय, कॉलेज फुटबॉलच्या इतिहासात सर्वात जास्त. त्यांची पद्धत ऐकली की बाकीचे प्रशिक्षक डोक्याला हात लावायचे: सरावात टॅकल करायचं (समोरच्याला धरून पाडायचं) नाही, शिट्टी नाही, सक्तीचा वजनांचा व्यायाम नाही, कुणालाही संघातून काढायचं नाही, आणि मला 'कोच' म्हणायचं नाही, जॉन म्हणा. शाळेत असताना त्यांचे स्वतःचे प्रशिक्षक युद्धावर गेले, तेव्हा सोळाव्या वर्षी त्यांनी संघ हाती घेतला होता. प्रशिक्षकांच्या ज्या गोष्टींचा स्वतःला कंटाळा यायचा, त्या त्यांनी काढून टाकल्या.

२००३ च्या नोव्हेंबरमध्ये बेथेलविरुद्ध २९-२६ अशा घासून झालेल्या मॅचमध्ये गलार्डींनी प्रशिक्षक एडी रॉबिन्सन यांचा ४०८ विजयांचा विक्रम मोडला. त्याच डिसेंबरमध्ये ओहायोच्या माउंट युनियनला राष्ट्रीय अंतिम सामन्यात २४-६ हरवलं. माउंट युनियन तोवर सलग ५५ मॅच जिंकत आलं होतं. गलार्डी २०१८ साली गेले. या डिव्हिजनच्या सर्वोत्तम खेळाडूला मिळणारा पुरस्कार त्यांच्या नावाचा आहे.

हे एवढं सांगितलं कारण अंदाज लिहिणारे अजूनही त्या इतिहासाच्या वजनाखाली लिहितात. सेंट जॉन्सच्या बाजूने त्यांचा हात आपोआप झुकतो. २०२१ साली कॉन्फरन्सने फुटबॉलपुरते दोन गट पाडले, नॉर्थवुड्स आणि स्कायलाइन, आणि शेवटच्या आठवड्यात दोन्ही गटांतले समान क्रमांकाचे संघ समोरासमोर आणले: पहिला-पहिला, दुसरा-दुसरा, अगदी शेवटचा-शेवटचा. मला ही कल्पना आवडली. जो संघ सगळं हरलाय त्यालाही नोव्हेंबरमध्ये त्याच्याच तोलाचा प्रतिस्पर्धी मिळू लागला.

हरणाऱ्यांकडेही बघत जा. कोफी अन्नान शिकले ते मॅकॅलेस्टर कॉलेज १९७० च्या दशकात सलग ५० मॅच हरलं. १९८० साली अखेरच्या काही सेकंदांत मारलेल्या फील्ड गोलने ती साखळी तुटली. गुणतक्त्याच्या तळाचा संघ ज्या आठवड्यात जिंकतो, त्या आठवड्याचा आढावा सहसा वर्षातला सर्वात चांगला लिहिलेला असतो. का, ते मला माहीत नाही. बहुतेक लिहिणाऱ्यालाच गंमत येते.

आता तुमचा दुसरा प्रश्न, जीव का अडकतो. शेजारच्या दोन गावांच्या कबड्डीला जी गर्दी होते, तिला आपण कारण विचारत नाही. नॉर्थफील्डमध्ये तर दोन्ही कॉलेजं एकाच गावात आहेत: नदीच्या एका बाजूला टेकडीवर सेंट ओलाफ, दुसऱ्या बाजूला कार्लटन. दोघांच्या मॅचच्या विजेत्याला लाकडी बोकड मिळतो. गावच्या चौकात यादवी युद्धाच्या स्मारकावर एक गरुड आहे, तो जिंकलेल्या कॉलेजच्या दिशेने तोंड करून फिरवायची प्रथा आहे. १९७७ साली या दोघांनी मीटरमध्ये आखलेल्या मैदानावर मॅच खेळली, १०० मीटर लांब आणि ५० मीटर रुंद. अमेरिका तेव्हा मेट्रिक पद्धतीकडे वळणार अशी हवा होती. सेंट ओलाफने ती ४३-० जिंकली. यार्डापेक्षा मीटर मोठा, त्यामुळे दहा मीटर पुढे सरकायला दमछाक जास्त, पण ४३-० मध्ये दमछाक बहुधा एकाच बाजूची झाली असावी. अमेरिका मेट्रिक झाली नाही, हे तुम्हाला ठाऊक आहेच. कार्लटनची मॅच ज्या आठवड्यात असेल त्या आठवड्याच्या अंदाजातले आकडे सरळ सोडून द्या. दोन्ही संघ तक्त्यात कुठेही असोत, ती मॅच वेगळीच असते.

अंदाजाच्या भागात मी कशाकडे बघतो ते थोडक्यात. क्वार्टरबॅक (आक्रमण चालवणारा, चेंडू फेकणारा खेळाडू) तोच आहे का, की दुखापतीने दुसरा उतरलाय? मागच्या मॅचमध्ये चेंडू किती वेळा समोरच्यांच्या हाती गेला? दोन वेळा चेंडू गमावूनही जिंकले असतील तर ते नशीब होतं की बचाव खरंच भक्कम आहे? मॅच घरी आहे की कॉन्कॉर्डियाच्या मूरहेडपर्यंत बसने जायचंय? आणि पुढच्या-पुढच्या शनिवारी सेंट जॉन्स किंवा बेथेल समोर आहे का? असेल तर या आठवड्यात मन तिकडे असण्याची भीती असते. देशातल्या पहिल्या पंचवीस संघांचा जो पोल, म्हणजे मतांनी ठरवलेली क्रमवारी, दर रविवारी येतो, तो गप्पांसाठी उत्तम. प्लेऑफची जागा मतांनी मिळत नाही, तेव्हा पोलमध्ये दोन जागा घसरल्या म्हणून भाचा रडत असेल तर त्याला समजावा.

'आठवड्याचा सर्वोत्तम खेळाडू' वगैरे पुरस्कार मी जवळजवळ वाचतच नाही. दुबळ्या संघाविरुद्ध तीनशे यार्ड फेकणारा मुलगा दर आठवड्याला कुणी ना कुणी असतोच. पण आक्रमणाच्या फळीतल्या धिप्पाड मुलांची नावं कुठे आली तर जरूर बघा, त्यांना कुणी मोजत नाही. सेंट जॉन्सचा बेन बार्च असाच फळीत खेळायचा आणि २०२० साली जॅक्सनव्हिलच्या संघाने त्याला एनएफएल या व्यावसायिक लीगच्या निवडीत चौथ्या फेरीत उचललं.

मॅच बघायची असेल तर बहुतेक कॉलेजं ती इंटरनेटवर दाखवतात. शनिवारी दुपारी एकची मॅच म्हणजे तुमच्याकडे रात्री साडेअकरा. नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी इथली घड्याळं एक तास मागे जातात, त्यानंतरच्या शनिवारी तीच मॅच तुमच्याकडे मध्यरात्रीनंतर, रविवार लागल्यावर साडेबाराला सुरू होईल.