वाचकांचे प्रश्न: नाचणारं शरीर असं मोडून का काढतात?

प्रश्न: मी बरीच वर्षं नाच शिकतेय. सर्रियलिस्ट चित्रांच्या पुस्तकात पिकासोचं ‘थ्री डान्सर्स’ बघितलं आणि खरं सांगू, रागच आला. आम्ही शरीराची रेषा नीट यावी म्हणून एवढा घाम गाळतो आणि हे लोक त्याच शरीराची मोडतोड करतात. ह्यात नाच कुठेय?

उत्तर: राग येणं साहजिक आहे, पण ते चित्र परत एकदा बघाच. १९२५ चं आहे. पिकासो काही सर्रियलिस्टांच्या, म्हणजे स्वप्नं आणि अंतर्मनातलं चितारणाऱ्या गटाचा रीतसर मेंबर नव्हता, पण गटाचा म्होरक्या आंद्रे ब्रेतों त्याला आपलाच मानायचा आणि हे चित्र त्यांच्या मासिकात त्याच वर्षी छापूनही आलं. नाच त्याला कळत नव्हता असं तर म्हणूच शकत नाही, बायको ओल्गा बॅलेत नाचायची, १९१७ पासून त्याने दियागिलेवच्या रशियन बॅले कंपनीसाठी पडदे, कॉस्च्यूम केलेले, आणि त्याच १९२५ मध्ये माँटे कार्लोला नर्तकांची इतकी देखणी, सरळ रेषेतली स्केचेस काढली की तुम्हाला नक्की आवडतील. म्हणजे सुंदर शरीर हाताला येत होतंच, इथे त्याला ते नको होतं. त्या सुमारास त्याचा जुना मित्र रामों पिशो गेला, आणि चित्रात उजवीकडे जी काळी सावली चेहऱ्यासारखी दिसते ती त्याचीच. ह्या चित्राला ‘पिशोचा मृत्यू’ म्हणायला हवं असं पिकासो पुढे स्वतःच म्हणाला होता.

आता डावीकडची बघा, मान पार मागे टाकलेली, दात विचकलेले, अख्खं धड वाकडं. तुम्ही पाठ मागे वाकवता तेव्हा आरशात एक शरीर दिसतं आणि आतून भलतंच जाणवतं ना? कणा म्हणजेच सगळं काही, बरगड्या मोठ्ठ्या, पाय कुठेतरी लांब, चेहरा तर आठवतच नाही. मला वाटतं तो हे आतलं शरीर काढतोय. बघणाऱ्याला दिसतं ते नाही, नाचणाऱ्याला होतं ते.

प्रश्न: मग त्याच गटातल्या मिरोच्या ‘नर्तकी’त शरीरच का नाही?

उत्तर: १९२८ चं ते, रंगवलेल्या फळीवर एक बूच, एक पीस आणि टोपीला लावायची पिन, बस्स. वजन, हलकेपणा आणि ज्यावर सगळं तोललंय तो एक बिंदू, एवढंच ठेवलंय. मला ते भयंकर आवडतं.

प्रश्न: अशी शरीरं स्टेजवर कुणी आणली का?

उत्तर: आणली, पण जमलं असं दर वेळी नाही. १९२९ च्या ‘ल बाल’ ह्या बॅलेमध्ये चित्रकार किरिकोने नर्तकांच्या अंगावर खांब आणि विटा चढवल्या. सर्रियलिस्ट चित्रकार कुर्ट सेलिगमनने १९४६ मध्ये नृत्यदिग्दर्शक बालांशिनच्या ‘फोर टेम्परामेंट्स’ ह्या बॅलेला असे कपडे केले की त्यात नाचच दिसेना, शेवटी १९५१ मध्ये ते काढून टाकले आणि मंडळी तालमीच्या साध्या कपड्यात नाचायला लागली. चित्रात मोडलेलं शरीर हलू शकतं, कारण ते रेषेतच हलतं, स्टेजवर मात्र खरे गुडघे असतात.

प्रश्न: म्हणजे कुठलीही मोडतोड चालेल?

उत्तर: अजिबात नाही. सर्रियलिस्ट दालीने १९३६ मध्ये व्हीनस देवीच्या पुतळ्याच्या अंगात ड्रॉवर बसवले, त्याच गटातल्या बेल्मरने बाहुलीचे सांधे हवे तसे उलटसुलट जोडले. तिथे बाई स्वतः काहीच करत नाही, कुणीतरी तिला उघडतंय, जोडतंय. डोक्याने लढवलेली शक्कल म्हणून ग्रेट असेल, पण मला त्यात गुदमरायला होतं, आणि तुमचा राग तिथे अगदी योग्य जागी आहे. ह्याच्याउलट चित्रकार डोरोथिया टॅनिंग बघा. तिने १९४६ मध्ये बालांशिनच्या ‘नाइट शॅडो’ बॅलेचे सेट आणि कपडे केले होते, आणि ५० च्या दशकात तिच्या चित्रांतली शरीरं विरघळायला लागली. १९५७ च्या ‘इन्सोम्नियाज’ मध्ये हातपाय, घड्या, धुकं सगळं एकमेकांत घुसलंय, कुठला अवयव कुणाचा कळत नाही, पण प्रत्येक तुकडा स्वतःच्या जोरावर फिरतोय. पुढचं चित्र हेच बघा, आणि मोठ्या प्रिंटमध्ये बघा, मोबाइलवर त्यातलं निम्मं हरवतं.