‘वली पर्वत’मधली वली

प्रश्न असा आहे : “भूगोलाच्या पुस्तकात हिमालयाला ‘वली पर्वत’ म्हटलंय. ही वली म्हणजे दीपावलीतली वली का? डोंगरांची ओळ, अशा अर्थाने? तसं नसेल तर सरळ ‘घडीचा पर्वत’ का म्हणत नाहीत?”

अंदाज चतुर आहे, कारण हे पर्वत खरोखरच लांबलचक रांगांनी उभे असतात. पण दीपावलीत ‘वली’ हा शब्द नाहीच. तिथे दीप अधिक आवली अशी फोड आहे. आवली म्हणजे रांग, आणि आपली ‘ओळ’ याच आवलीतून आली. वेल या अर्थाची ‘वल्ली’ निराळी. अरबीतून आलेला वली, म्हणजे साधुपुरुष, त्याचाही इथे संबंध नाही.

पर्वताची वली ही संस्कृत ‘वलि’. अर्थ कातडीला पडलेली वळी किंवा सुरकुती. म्हातारपणाच्या वर्णनात येणाऱ्या ‘वलीपलित’ या जोडशब्दात वली म्हणजे सुरकुत्या आणि पलित म्हणजे पिकलेले केस. पोटावरच्या तीन वळ्यांना ‘त्रिवली’ म्हणत. जुन्या मराठी कवितेत तिची ‘त्रिवळी’ झालेली दिसते. दोन स्वरांमधल्या एकट्या ल चा मराठीत ळ होतो : फल-फळ, काल-काळ, बाल-बाळ, तशीच वली-वळी. म्हणजे पुस्तकातली परकी वाटणारी वली आपण रोज वापरतो. वळण, वळसा, वळकटी ही सगळी त्याच ‘वल्’ धातूची, म्हणजे वळण्याची, मंडळी.

आता घडी का नको? ‘घडीचे पर्वत’ असंही वाचायला मिळतं, त्यामुळे ते चूक म्हणणार नाही. पण घडी ‘घालावी’ लागते, वळी ‘पडते’. जमिनीवर सतरंजी पसरा, एका कडेला तळहात टेकवा आणि सावकाश पुढे ढकला. हाताच्या पुढ्यात सतरंजी उचलली जाते, गोल पाठीची एक वळी उभी राहते. तसंच ढकलत राहिलात तर तिच्यामागे दुसरी, तिसरी. याला कुणी सतरंजीची घडी म्हणत नाही. वर आलेला भाग, त्याच्या शेजारचा खोलगट भाग, पुन्हा वर आलेला, अशी रचना होते, आणि वळ्या ढकलण्याच्या दिशेला आडव्या पडतात. पर्वत रांगांनी का उभे राहतात, याचं उत्तरही इथेच मिळतं.

हा प्रयोग नवा नाही. स्कॉटलंडच्या सर जेम्स हॉल यांनी समुद्रकाठच्या कड्यांत नागमोडी वाकलेले खडकांचे थर पाहिले होते. त्यांनी कापडांचे थर एकावर एक रचले, वर वजन ठेवलं आणि बाजूंनी दाबलं. कड्यातली नक्षी कापडात उमटली. 1815 साली ते छापून आलं. वरचं वजन महत्त्वाचं. ते नसतं तर कापड कसंही चुरगळलं असतं.

खडक कापडासारखा वळेल कसा, ही शंका रास्त आहे. मेणबत्ती झटक्यात वाकवली तर तुटते, ऊब देत हळूहळू वाकवली तर वळते. खोलवर उष्णता आहे, वरच्या थरांचा भार आहे आणि वेळ तर लाखो वर्षांचा आहे. तिथे खडक वळतो. पृष्ठाजवळ, थंड आणि कठीण असताना ताण आला तर तो तुटतो. मग विभंग होतात, मधला भाग खाली जाऊन खचदरी होते किंवा एखादा ठोकळा वर राहून गट पर्वत होतो. (‘खचदरी’ हा परिभाषेतला माझा सगळ्यात आवडता शब्द. खचली म्हणून दरी, समजावून सांगायला काही उरतच नाही. उलट ‘गट पर्वत’ ऐकून निम्मे लोक पर्वतांचा समूह समजतात. ‘ठोकळा पर्वत’ म्हटलं असतं तर काय बिघडलं असतं!)

‘सुरकुती’ हा पर्यायही कुणी सुचवेल. तो मात्र मला नको वाटतो, आणि त्याचं कारण भाषेपेक्षा विज्ञानात आहे. एकोणिसाव्या शतकात पुष्कळ भूवैज्ञानिक असं मानत की पृथ्वी निवत निवत आकसते आहे आणि सुकत्या सफरचंदाच्या सालीसारख्या तिला सुरकुत्या पडतात, तेच पर्वत. पण सफरचंदावर सुरकुत्या सगळीकडे पडतात, पर्वत मात्र ठरावीक पट्ट्यांतच दिसतात. शिवाय किरणोत्सर्गाचा शोध लागल्यावर पृथ्वीच्या पोटात उष्णता तयारही होते हे कळलं. 1912 मध्ये आल्फ्रेड वेगेनर यांनी खंड सरकतात असं मांडलं, आणि 1960 च्या दशकात भूपट्टांची, म्हणजे पृथ्वीच्या कवचाच्या सरकत्या तुकड्यांची, कल्पना पक्की झाली. सुरकुती आकसण्याने पडते, वळी ढकलण्याने. हिमालय दुसऱ्या प्रकारचा. सुमारे 5 कोटी वर्षांपूर्वी भारतीय भूपट्ट युरेशियाच्या भूपट्टाला भिडला, मधल्या टेथिस समुद्राच्या तळाचा गाळ दाबला गेला, वळला, उचलला गेला. म्हणून तर 8,848.86 मीटर उंच एव्हरेस्टच्या माथ्यावर समुद्री जीवांचे अवशेष असलेला चुनखडक आहे. ढकलणं अजून थांबलेलं नाही, वर्षाला काही सेंटिमीटर चालूच आहे.

जाता जाता, ‘भूपट्टा’ लिहू नका. पट्टा लांब-अरुंद असतो. भूपट्टातला पट्ट म्हणजे सपाट फळी किंवा शिळा. ‘पाट’ आणि वाटणाचा ‘पाटा’ त्याच पट्टाचे वंशज.

घडीची बाजू एका ठिकाणी मात्र घ्यावी लागते. आल्प्समध्ये काही वळ्या इतक्या कलंडल्या आहेत की आडव्याच झाल्या, आणि जुना थर नव्या थराच्या वर येऊन बसला. तिथे खरंच कुणी घडी घालून ठेवल्यासारखं दिसतं.

मग परिभाषेत ‘वळी’ का नाही आली? मला वाटतं, पुढच्या शब्दांसाठी. वलीपासून वलित, वलीकरण सहज होतात. ‘वळीकरण’ कानाला खटकतं. परीक्षेत वलीच लिहा, पण मुलांना शिकवताना आधी वळी म्हणा.

राहिली वेलांटी. मूळ शब्द ऱ्हस्व ‘वलि’, तर ‘कविमन’सारखं ‘वलिपर्वत’ लिहायला हवं ना, असं शुद्धलेखनाचे जाणकार विचारतील. संस्कृतात वलि आणि वली अशी दोन्ही रूपं आहेत, त्यामुळे दीर्घ चालतं. ‘वलीकरण’मध्ये तर ‘नव्हतं ते झालं’ असं सांगणारा प्रत्यय आहे, आणि त्यामुळे वलि घेतला तरी ली दीर्घच होतो.