उपवास आणि जनुकांचे उतारे

प्रश्न : माझे वजन ९४ किलो, उंची ५ फूट ५ इंच. धाकटा भाऊ ५८ किलोचा. एकादशी दोघेही धरतो. उपवासाने चरबी जाळणारी जनुके जागी होतात म्हणे; मग माझी का होत नाहीत? (एक वाचक, कराड)

उत्तर : होतात, पण सावकाश आणि कमी जोराने. मुळात उपवासाने जनुक बदलत नाही. तलाठ्याच्या दप्तरातला सातबारा तोच राहतो, उतारे तेवढे गरजेप्रमाणे कमी-जास्त निघतात. पेशीतला हा उतारा म्हणजे एमआरएनए. मांडीच्या स्नायूचा बारीक तुकडा काढून संशोधक त्यातले उतारे मोजतात, एकदा रात्रभराच्या उपवासानंतर आणि पुन्हा २४ किंवा ४८ तासांनी.

हे उतारे निघण्यासाठी इन्शुलिन खाली यावे लागते. ते उतरले की चरबीच्या पेशी मेदाम्ले (चरबीचे सुटे घटक) रक्तात सोडतात आणि स्नायूत पीडीके४ व सीपीटी१ या जनुकांचे उतारे वाढतात. पीडीके४ साखर जाळण्याची वाट आवळते, सीपीटी१ मेदाम्लांना मायटोकॉन्ड्रियात, म्हणजे पेशीच्या ऊर्जा बनवणाऱ्या भट्टीत, शिरू देते. यकृतात सुमारे १०० ग्रॅम ग्लायकोजेन, म्हणजे साठवलेली साखर, असते. ते दिवसभरात बहुतेक संपते आणि चरबीपासून कीटोन हे पर्यायी इंधन बनवण्याचे काम वाढते. चरबी तयार करणाऱ्या एफएएसएन या जनुकाचे उतारे मात्र घटतात.

सडपातळ माणसात साखरेकडून चरबीकडे होणारी ही अदलाबदल ठळक दिसते. लठ्ठपणात इन्शुलिन मुळातच चढलेले असते, त्यामुळे उतरायला वेळ लागतो. शिवाय रक्तात मेदाम्ले आधीच भरपूर असल्याने स्नायूला जेवलेले पोट आणि उपाशी पोट यांत फारसा फरक जाणवत नाही. जेवणानंतर तो पुरता साखरेकडे वळत नाही, उपाशी असताना पुरता चरबीकडेही नाही. सगळ्या लठ्ठ व्यक्तींत हे सारख्या प्रमाणात नसते, आणि ते कायमचेही नसते: वजन ५ ते १० टक्के घटले तरी इन्शुलिनचा परिणाम सुधारतो.

आता फराळाचे. ५० ग्रॅम कोरड्या साबुदाण्यात सुमारे ४४ ग्रॅम पिष्ट असते. सकाळी अकराला खिचडी, दुपारी रताळ्याचा कीस, संध्याकाळी कंदी पेढा, म्हणजे इन्शुलिन दिवसभर चढतेच. ‘एकादशी अन् दुप्पट खाशी’ ही म्हण इथे शब्दशः लागू पडते. पेशीला उपवासाचे आणि बिनउपवासाचे पिष्ट वेगळे कळत नाही. त्यापेक्षा संध्याकाळी सातला जेवून सकाळी नऊपर्यंत, म्हणजे १४ तास, फक्त पाणी घ्या. नंतर बिनसाखरेचे ताक, मूठभर शेंगदाणे, काकडी. रोज अर्धा-पाऊण तास भरभर चाला. व्यायामानेही पीडीके४चे उतारे वाढतात, त्यासाठी एकादशीची वाट पाहायला नको.

प्रश्न : मधुमेहाची गोळी चालू असताना असा उपवास चालेल का? (एक वाचक, सांगली)

उत्तर : डॉक्टरांना विचारून डोस ठरवल्याशिवाय नाही. ग्लिमेपिराइडची गोळी किंवा इन्शुलिन घेऊन उपाशी राहिल्यास साखर धोकादायक उतरू शकते. घाम, थरथर, गोंधळल्यासारखे वाटले किंवा मीटरवर ७०च्या खाली आकडा दिसला, तर उपवास तिथेच सोडा. ३ चमचे साखर पाण्यात घालून प्या आणि १५ मिनिटांनी पुन्हा तपासा. डापाग्लिफ्लोझिनसारख्या गोळीवर तर साखर फार न वाढताही रक्तात कीटोन धोक्याइतके साचू शकतात. मळमळ, उलट्या, धाप लागली तर मीटरच्या आकड्यावर विसंबू नका, लगेच दवाखाना गाठा.