ईआर (एंटिटी-रिलेशनशिप) डायग्राम, म्हणजे डेटातल्या गोष्टी आणि त्यांची नाती दाखवणारं चित्र, हा यूएमएलचाच (सॉफ्टवेअरचा आराखडा काढायच्या प्रमाण चित्रभाषेचाच) एक प्रकार आहे का? यूएमएलमधला क्लास डायग्राम (प्रोग्राममधले क्लास आणि त्यांची नाती दाखवणारा) काढला असेल तर ईआर पुन्हा काढावा लागतो का?

पहिल्या प्रश्नाचं उत्तर: नाही. यूएमएल २.५ मध्ये १४ प्रकारचे डायग्राम आहेत, त्यांत ईआर नाही. पण दोघांचं नातं मात्र जवळचं आहे. पीटर चेन यांनी ईआर मॉडेल १९७६ साली मांडलं. पुढे जेम्स रम्बॉ आणि सहकाऱ्यांनी ओएमटी ही सॉफ्टवेअर डिझाइनची पद्धत आणली, तिचं ऑब्जेक्ट मॉडेल ईआरवरच उभं होतं. ओएमटी, बूच यांची पद्धत आणि याकबसन यांचं काम एकत्र येऊन यूएमएल झालं, आणि १९९७ मध्ये ओएमजी या प्रमाणं ठरवणाऱ्या संस्थेने ते प्रमाण म्हणून स्वीकारलं. त्यामुळे क्लास डायग्राम बघताना ईआरची आठवण होते, ती उगाच नव्हे.

आता दुसरा प्रश्न. समजा हाउसिंग सोसायटीचं सॉफ्टवेअर करायचंय. एका फ्लॅटचे दोन-तीन मालक असू शकतात आणि एका माणसाचे दोन फ्लॅट. मालकीचा हिस्सा किती टक्के, ही माहिती ना फ्लॅटची, ना माणसाची. ती त्या दोघांमधल्या मालकीची. चेन यांच्या पद्धतीत ती नात्याच्या चौकटीला, म्हणजे त्या डायमंडला जोडतात. यूएमएलमध्ये त्यासाठी असोसिएशन क्लास, म्हणजे नात्यालाच जोडलेला क्लास, आहे. डेटाबेसमध्ये उतरवताना दोन्हींचं तिसरं टेबल होतं. इथपर्यंत कुठलाही डायग्राम काढा, फरक पडत नाही.

फरक पडतो तो 'की' (key, रो म्हणजे टेबलमधली ओळ ओळखायची खूण) आणि इनहेरिटन्स (एका प्रकाराचे उपप्रकार करणं) यांपाशी. मेमरीतल्या ऑब्जेक्टला स्वतःची ओळख असतेच, त्यामुळे क्लास डायग्राममध्ये प्रायमरी की दाखवायची सक्ती नाही, आणि फॉरेन कीला (दुसऱ्या टेबलमधल्या रोकडे बोट दाखवणाऱ्या कीला) तर प्रमाण यूएमएलमध्ये चिन्हच नाही. लोक स्टिरिओटाइप, म्हणजे स्वतःचं जादा लेबल, लावून काम भागवतात. टेबलमधली रो मात्र कीवाचून ओळखता येत नाही. उलट मालक आणि भाडेकरू हे दोन्ही 'व्यक्ती'चे उपप्रकार, हे क्लास डायग्राममध्ये एका बाणात होतं. टेबलं करताना सगळ्यांचं एकच ठेवायचं, की प्रत्येकाचं वेगळं, हे ठरवावंच लागतं. तोच माणूस एका फ्लॅटचा मालक आणि दुसऱ्यात भाडेकरू निघाला की तो बाणही चुकीचा ठरतो, ते वेगळंच!

माझं मत विचाराल तर, ओआरएम (क्लास आणि टेबलं यांची सांगड घालणारं साधन) वापरून टेबलं कोडमधूनच तयार होणार असतील तर क्लास डायग्राम पुरे. डेटाबेस आधीपासून असेल किंवा त्यावर रिपोर्टिंगची वेगळी मंडळी काम करत असतील, तर क्रोज फूट चिन्हांचा (एकाला अनेक हे नातं कावळ्याच्या पायासारख्या खुणेने दाखवणारा) ईआर काढाच. परीक्षेसाठी विचारत असाल तर गोष्ट वेगळी. तिथे ईआर मागितला असेल तर चेनचे डायमंड काढा, क्लास डायग्राम काढून वाद घालू नका.