ऑइलची गुडगुड आणि लॉगबुकातली ओळ

प्रश्न: काका, मी पार्ल्याला राहते, एअरक्राफ्ट मेंटेनन्सच्या शेवटच्या वर्षाला आहे. ट्रेनिंगला दोन सीटचं लाइट स्पोर्ट विमान मिळालंय, इंजिन रोटॅक्स 912. सकाळी डिपस्टिक (ऑइल मोजायची पट्टी) बघितली तर ऑइल मिनिममच्याही खाली, म्हणून अर्धा लिटर ओतायला गेले तर सर म्हणाले थांब, आधी प्रोपेलर फिरव. फिरवल्यावर लेव्हल एकदम बरोबर! असं कसं? आणि एवढ्याशा विमानासाठी लॉगबुक, म्हणजे देखभालीची नोंदवही, इतकं लिहायची खरंच गरज आहे का?

उत्तर: अगं, सरांनी थांबवलं ते फार बरं केलं. या इंजिनाचं ऑइल वेगळ्या टाकीत असतं आणि विमान उभं राहिलं की त्यातलं थोडं थोडं इंजिनात उतरतं, म्हणून सकाळी टाकी रिकामी वाटते पण ऑइल कुठे गेलेलं नसतं. टाकीचं झाकण काढून प्रोपेलर हाताने फिरवला की सिलिंडरमधली दाबलेली हवा पिस्टनच्या कडेने क्रँककेसमधे, म्हणजे इंजिनाच्या मधल्या पोकळीत, जाते आणि ऑइलला परत टाकीत ढकलते, सगळं आलं की टाकीतून गुडगुड ऐकू येतं, तेव्हाच डिपस्टिक लावायची. तिच्यावरच्या दोन खुणांमधे जेमतेम 0.45 लिटरचा फरक आहे, म्हणजे तुझा अर्धा लिटर पडला असता तर लेव्हल मॅक्सिममच्या वर गेली असती. फिरवताना दोन्ही इग्निशन बंद, तरीही इंजिन कधीही सुरू होईल असं धरूनच उभी राहा, आणि उलटा फिरवू नकोस, ऑइल सिस्टीममधे हवा शिरते.

आता लॉगबुक. अमेरिकेत लाइट स्पोर्ट ही कॅटेगरी 2004 ला आली, तिथे दर 12 महिन्यांनी कंडिशन इन्स्पेक्शन, म्हणजे विमानाची पूर्ण तपासणी, लागतं, आपल्याकडे डीजीसीएचे, म्हणजे सरकारच्या विमान वाहतूक खात्याचे, नियम. पण नियम कुठलाही असो, नुसतं "चेक्ड, ओके" लिहिलेलं मला अजिबात पटत नाही. एका विमानाच्या लॉगबुकात कूलंटच्या होजपुढे (इंजिन थंड ठेवणाऱ्या पाण्याची रबरी नळी) तीन वेळा तेवढंच लिहिलेलं होतं, होज बसवली कधी ते कुणीच लिहिलं नव्हतं. रोटॅक्सचे रबरी होज 5 वर्षांनी बदलायचे असतात, विमान उडो न उडो, आणि जुहूसारखी खारी हवा, त्यात पावसाळा. शेवटी मी सगळे होज काढायला लावले, एकाला क्लॅम्पखाली नखाएवढी चीर होती, वरून काहीच दिसत नव्हती.

म्हणून तारीख, इंजिनाचे तास, काय उघडलं, काय दिसलं, कुठला पार्ट नंबर बसवला, मॅन्युअलचं कुठलं पान वापरलं आणि सही, एवढं प्रत्येक वेळी लिही. इंधनसुद्धा लिही, कारण विमानाचं शिसंवालं पेट्रोल, म्हणजे अ‍ॅव्हगॅस जास्त वापरलं तर ऑइल 100 ऐवजी 50 तासांनी बदलायचं असतं, आणि ते पुढच्या माणसाला तुझ्या लिहिण्यावरूनच कळणार. आजचं पण लिहून टाक: प्रोपेलर फिरवून लेव्हल बघितली, खुणांच्या मधे, ऑइल टाकलं नाही.