आधी कान, मग गळा

चि. मुली,

अनेक उत्तम आशीर्वाद.

गेल्या रविवारी तुझा फोन आला तेव्हा तुझा आवाज इतका भरून आला होता की मी तुला काहीच नीट सांगू शकले नाही, म्हणून हे पत्र लिहीत आहे. मराठी वाचताना अडलीस तर आईकडून वाचून घे, पण अर्धे सोडू नकोस. न्यूयॉर्कच्या लगार्डिया या कलाशाळेच्या, म्हणजे लगार्डिया हायस्कूलच्या, गायन विभागाची ऑडिशन दहा आठवड्यांवर आली आहे, आणि तुझा सगळा गोंधळ एकाच प्रश्नाभोवती फिरतो आहे, तो म्हणजे गाणे कोणते निवडावे. आई म्हणते, यमन रागाची द्रुत बंदिश तानांसकट गा, म्हणजे शेकडो मुलांत तू वेगळी दिसशील. मैत्रिणी म्हणतात, ब्रॉडवेच्या एखाद्या संगीत नाटकातले वरच्या पट्टीतले गाणे घे, सगळे तेच घेतात. आणि तू दोन्ही गाणी ध्वनिमुद्रित करून मला पाठवलीस, कोणते चांगले ते सांगा म्हणून.

मी दोन्ही ऐकली, तीन-तीन वेळा ऐकली. यमन तू तानपुऱ्याच्या ॲपवर गायलीस आणि तो सुरेल आहे. दुसरे गाणे तू साथीशिवाय गायलीस. ते तू पेटीच्या काळी चारमध्ये सुरू केलेस आणि ते संपले तेव्हा तू पांढरी पाचवर होतीस. दोन मिनिटांत पूर्ण अर्धा स्वर तू खाली घसरलीस आणि तुला ते कळले नाही. सूर उतरल्याबद्दल मी तुला रागावणार नाही, सूर मोठमोठ्यांचे उतरतात. मला राग आला तो तुला ते ऐकू आले नाही याचा, आणि ते ध्वनिमुद्रण तू पुन्हा एकदा न ऐकता मला पाठवलेस याचा. गाणे कोणते, हा तुझ्यापुढचा प्रश्नच नाही. आधी कान, मग गळा. हे वाक्य तू माझ्याकडे पहिल्या दिवसापासून ऐकत आली आहेस, आणि आज ते पुन्हा लिहावे लागते आहे.

असे का झाले ते समजून घे. आपल्या संगीतात गाणाऱ्याच्या पाठीशी तानपुऱ्याचा षड्ज, म्हणजे ‘सा’, अखंड उभा असतो. तू जिथे कुठे जाशील तिथून परत यायला घर आहे, हे तुझ्या गळ्याला ठाऊक असते, म्हणून तो निर्धास्त असतो. ते घर काढून घेतले की प्रत्येक सूर आधीच्या सुरावर उभा राहतो, आणि प्रत्येक वेळी केसभर चूक झाली तरी चाळीस ओळींनंतर ती अर्ध्या स्वराची होते. तानपुरा कोणी वाजवत नसतानाही तो ज्याच्या कानात वाजतो, त्याचा सूर साथ नसली तरी हलत नाही. मी तुला सहा महिने गाऊ न देता नुसता तानपुरा लावायला बसवले होते ते यासाठी, आणि तुझ्या बाबांना त्या वेळी ते पटले नव्हते, हेही मला ठाऊक आहे.

त्याविषयी एकदा स्पष्ट लिहिते, कारण मनात राहून गेले आहे. माझ्याकडून आजवर अनेक पालक मुलांना काढून घेऊन गेले. सहा महिने झाले, मुलाला एक गाणे येत नाही, गणपतीत काय गाणार, असे ते विचारत, आणि माझ्याजवळ त्यांना दाखवण्यासारखे काही नसे. मिरजेहून आणलेला माझा तानपुरा या देशाच्या हिवाळ्यात, खोलीतल्या कोरड्या उष्ण हवेत, दर तासाला उतरतो किंवा चढतो, आणि त्याच्या एकाच सुरात लावायच्या जोडीच्या तारा पुन्हा पुन्हा जुळवण्यातच मुलांचा वेळ जातो, हे त्यांना फुकट वाटे. मला आजही ते फुकट वाटत नाही. ज्या दिवशी एखादे मूल मान वर करून म्हणते की खर्जाच्या, म्हणजे सर्वांत खालच्या ‘सा’च्या, तारेतून कोणी तरी ‘ग’ म्हणते आहे, त्या दिवशी माझे शिकवणे सुरू होते. तो स्वयंभू गंधार कोणी छेडत नाही, तार स्वतःच तो बोलते, आणि ज्याला तो ऐकू आला त्याच्या कानाला पुढे फसवणे अवघड. मी लोकांना समजावून सांगायला कमी पडले असेन, पण पद्धत चुकीची नव्हती. तू त्या थोड्या मुलांपैकी आहेस ज्यांना तिसऱ्या महिन्यातच तो ऐकू आला होता, म्हणून तुझ्यावर इतका जीव आहे आणि म्हणूनच त्या मुद्रणाने इतका त्रास झाला.

आता शाळेविषयी. नगराध्यक्ष लगार्डिया यांनी 1936 मध्ये संगीत आणि चित्रकलेसाठी सरकारी शाळा काढली. त्यांचे वडील अमेरिकी सैन्यात बँडमास्तर होते, तेव्हा संगीत शिकायला शिक्षक आणि वेळ दोन्ही लागतात हे त्यांनी घरातच पाहिले असणार. नाट्य-नृत्याची वेगळी शाळा 1948 मध्ये निघाली, 1961 मध्ये दोन्ही एक झाल्या, आणि 1984 पासून ती लिंकन सेंटरशेजारच्या इमारतीत आहे. फी न घेता शहराच्या मुलांना चार वर्षे शिकवणारी ही जागा आहे. चार वर्षे शिकवायचे असते तेव्हा परीक्षक तयार गवई शोधत नसतात. पुढे बसलेल्या मुलीला काही सांगितले तर ते हिच्या कानात शिरेल का, हे ते पाहतात. म्हणूनच या चाचणीत तयार गाण्याखेरीज पियानोवरची छोटी स्वरावली ऐकून ती परत गायची आणि लयीचा तुकडा ऐकून टाळीने परत द्यायचा, अशी रीत चालत आली आहे. कोरोनाच्या महासाथीत चाचणी चित्रफितीवर आली आणि तपशील वर्षागणिक बदलतात, म्हणून यंदाची सूचनापत्रिका आईने नव्हे, तू स्वतः ओळ न् ओळ वाच. पण चाचणी चित्रफितीवर असो की समोर, ती कानाचीच असते.

ती स्वरावली परत गाताना तू एका ठिकाणी अडखळशील, ते आत्ताच सांगते. पहिला सूर कानावर पडताच तू त्याला ‘सा’ समजशील, कारण तुला तशी सवय आहे, आणि तो ‘सा’ नसेल. मग तुझे मन नावे बदलत बसेल आणि तेवढ्यात सूर निघून जातील. नावे देऊ नकोस. पाच सूर ऐक, क्षणभर थांब, ते डोक्यात पुन्हा वाजू देत, आणि मगच नुसत्या ‘आ’कारात गा. दुसरे असे की पियानोचा गंधार आपल्या स्वयंभू गंधारापेक्षा चढा असतो. अर्ध्या स्वराचे 100 भाग केले तर सुमारे 14 भागांनी चढा. तुझा कान तयार आहे म्हणून तुला तो टोचेल. टोचू दे, पण गाताना पियानोबरोबरच राहा. समोरच्याचा सूर घेणे हीच तिथली परीक्षा आहे. कोणाचा गंधार खरा, हा वाद आपण माझ्या घरी घालू. तिसरे, एका सुरावरून दुसऱ्यावर मींडेने घसरत जाऊ नकोस. आपल्याकडे ते सौंदर्य आहे, पण तिथे तो सूर शोधण्याचा प्रयत्न वाटू शकतो.

तू मनात म्हणत असशील की या बाई इतक्या हट्टाने एकच गोष्ट का सांगतात. सांगते. 1974 साली, वयाच्या विसाव्या वर्षी, मी मुंबईत एका शिष्यवृत्तीसाठी गायले. जुलै महिना होता, हवा ओली होती. मी मारुबिहाग राग वर्षभर घोटला होता आणि ताना इतक्या पाठ होत्या की झोपेत म्हणाव्यात. गाताना मागचा तानपुरा ओलीने उतरत गेला आणि मी माझ्या पाठ केलेल्या जागी गातच राहिले. समोरच्या वृद्ध परीक्षकांनी हात वर करून विचारले, “बाळ, तानपुरा ऐकू येतो आहे का?” तो मला अपमान वाटला. मी म्हणाले, “हो,” आणि तान घेतली. शिष्यवृत्ती मिळाली नाही. त्यानंतर किती तरी वर्षे मी पावसाला दोष दिला, तानपुरा धरणाऱ्या मुलीला दोष दिला, आणि पुन्हा कुठल्याही परीक्षकांपुढे बसले नाही. आपण कलावंत आहोत, उमेदवार नव्हे, असे मी सांगत असे. ते खरे नव्हते. त्या प्रश्नाचे उत्तर ‘नाही’ होते, आणि ते मला त्याच क्षणी कळले होते.

मी 1983 मध्ये इथे न्यूयॉर्कच्या क्वीन्समध्ये आले, आणि 1992 मध्ये, अडतिसाव्या वर्षी, शेजारणीच्या आग्रहाने इमारतीजवळच्या चर्चच्या कॉयरमध्ये, म्हणजे वृंदगानात, उभी राहिले. मला मधल्या आवाजांच्या ओळीत ठेवले. चाल वरच्या बायका गायच्या, आमच्या वाट्याला एकाच सुरावर आठ-आठ मात्रा थांबणे आले. मला वाटले, हे काय गाणे आहे! आणि तेवढेही मला जमेना. शेजारची चाल मला ओढून नेई. तीन महिने मी माझा एक सूर सांभाळायला शिकत होते. इतकी वर्षे गाऊन मी फक्त स्वतःलाच ऐकले होते. तू तेरा वर्षांची आहेस. हे तुला पंचवीस वर्षे आधी कळावे, एवढ्यासाठी मी तुझ्यावर ओरडते.

तेव्हा गाण्याचा निर्णय. यमन नको, आणि ते ब्रॉडवेचे गाणेही नको. गेल्या वर्षी तुमच्या शाळेच्या कॉयरमध्ये बसवलेले ते जुने इंग्रजी लोकगीत गा. आईला वाईट वाटेल. तिला सांग की यमन कोणी तुझ्याकडून काढून घेत नाही, तो घरी आहेच. पण वेगळे दिसण्यासाठी यमन गाणे हा यमनचाही मान नव्हे. त्या लोकगीताची चाल इतकी साधी आहे की तुला गाता गाता स्वतःला ऐकायला फुरसत मिळेल. बाबांना काळजी आहे ती दुसऱ्या आठ विशेष शाळांच्या गणित-इंग्रजीच्या परीक्षेची. तीही दे, मन लावून दे, आणि शाळेतले गुणही सांभाळ, कारण लगार्डिया तेही पाहते. त्यावर मी आणखी काही लिहीत नाही. तुमच्या घरात ते पुरेसे बोलले जाते.

रोजचा अभ्यास असा कर. काळी चार एकदा ऐक, पेटी बंद कर, लोकगीत पूर्ण गा, आणि शेवटचा सूर धरून ठेवून पेटीवर तपासून पाहा. उतरला असेल तर कितव्या ओळीत उतरला ते मुद्रणात शोधून काढ, आणि ती ओळ वहीत लिही. दिवसातून तीनदा, अधिक नको. मुद्रणावर घुमारा चढवायचे ते तंत्र आजच पुसून टाक. त्याने तुझ्याच चुका तुझ्यापासून लपतात. आणि जॅक्सन हाइट्सहून सात नंबरची मेट्रो पकडशील तेव्हा कानातले हेडफोन काढ. डब्याचे दार बंद होताना दोन सूर वाजतात, एक वरचा, एक खालचा. तू ते जन्मापासून ऐकत आहेस. त्यांच्यातले अंतर किती आहे, सांग मला. गेल्या वर्षी विचारले होते तेव्हा तू हसलीस आणि उत्तर दिले नाहीस. यंदा मला उत्तर हवे आहे.

येत्या रविवारी दहा वाजता ये, वही घेऊन ये. तानपुरा कपाटातून काढून ठेवीन, लावायचा मात्र तू. मी आत स्वयंपाकघरात पोहे करत असेन. जोडीच्या तारा जुळल्या की मला तिथूनच कळेल, आणि मगच मी बाहेर येईन.

तुझी,
मावशी